मुक्तप्रवेश वैद्यकीय नियतकालिकांची पारख

आदिवासींच्या आरोग्यविषयक संशोधनासाठी जबलपूर येथे १९८४ साली एक केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था आज राष्ट्रीय दर्जाची आहे. जवळच्या मंडला जिल्ह्यातील १२३३ गावांत २०१७ साली तिच्या सहभागाने हिवताप-निर्मूलनाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातील निष्कर्ष ‘मलेरिया जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. हे ‘मुक्तप्रवेश’ नियतकालिक होय. म्हणजे त्यातील लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात. महागड्या वर्गण्या न परवडणाऱ्या ग्रामीण डॉक्टरला ही मोठीच सोय आहे. तथापि जे सहज हाती येते, त्याच्याच आधारे रोग्यावर उपचार होण्याचा संभव असतो. म्हणून अशा नियतकालिकांची पारख करणे अगत्याचे ठरते.

या पद्धतीत प्रकाशनाचा खर्च वाचकाऐवजी बहुधा लेखकाकडून घेतला जातो, किंवा एखादी संस्था तो सोसते. शुल्क घेणे हा स्वतः दोष नव्हे. परंतु प्रत्येक स्वीकृत लेखामागे उत्पन्न मिळत असल्यास लेख नाकारणे तोट्याचे होते, आणि मोहाचे मूळ येथेच आहे.

२०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने याची परीक्षा पाहिली. दगडफुलाच्या जातीच्या सजीवातील द्रव्य कर्करोगावर गुणकारी असल्याचा एक बनावट लेख त्याने शुल्क घेणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे पाठविला. त्यातील प्रयोगाचे दोष जाणकाराच्या सहज लक्षात येण्याजोगे होते. तरीही ‘सायन्स’ साप्ताहिकात हा वृत्तांत छापला जाईपर्यंत १५७ नियतकालिकांनी लेख स्वीकारला होता आणि ९८ नियतकालिकांनी नाकारला होता. स्वीकारणाऱ्यांत नामांकित प्रकाशनसंस्थांची नियतकालिकेही होती. उलट, शुल्क घेणाऱ्या ‘प्लॉस वन’ने त्रुटी दाखवून लेख परत केला.

यावरून असे दिसते, की प्रकाशकाचे नाव किंवा शुल्काचा आकडा हा खरा निकष नव्हे. अधिकृत याद्याही अपुऱ्या पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाला २०१८ साली आपल्याच यादीतून ४३०५ नियतकालिके वगळावी लागली. इम्पॅक्ट फॅक्टर हा लेखांच्या उल्लेखांची सरासरी सांगतो, एखाद्या लेखाची सत्यता नव्हे.

वाचकाने पुढील गोष्टी पाहाव्यात: संपादक मंडळातील व्यक्ती त्या विषयाच्या ज्ञात अभ्यासक आहेत काय, लेख तज्ज्ञांकडून तपासला जातो काय, की काही दिवसांतच स्वीकृतीचे आश्वासन मिळते, शुल्क आधीच जाहीर केलेले असते काय, आणि चूक आढळल्यास दुरुस्ती छापून सदोष लेख उघडपणे मागे घेतला जातो काय. यांपैकी शेवटची कसोटी विशेष महत्त्वाची आहे. चुका सर्वांकडून होतात. त्या मान्य करण्याची व्यवस्था ज्याने उभारली आहे, त्याच नियतकालिकावर विश्वास ठेवता येतो.