पाकिटावरचे सहा महिने, आपल्या गच्चीवर किती?

गच्चीवर किंवा गॅलरीत मोगरा, गुलाब, मेंदी, लिंबू अशी चार-दोन झाडे आपल्यापैकी अनेकांकडे असतात. कुंडीतली माती मोजकीच. पाणी घातले की खताचा काही अंश तळाच्या छिद्रातून वाहून जातो, आणि कुंडीतल्या मुळांना दूर जाऊन अन्न शोधण्याची सोय नसते. म्हणून हळूहळू सुटणारे दाणेदार खत वापरतात. रोपवाटिकांतले हे खत आता छोट्या पाकिटांतही मिळते.

या बारीक, गोल दाण्यांवर राळेचा किंवा पॉलिमरचा पातळ थर असतो. मातीतला ओलावा त्यातून आत शिरतो. आतले नत्र, स्फुरद, पालाश विरघळते आणि थोडे थोडे बाहेर झिरपते. हा वेग मुख्यतः मातीच्या तापमानावर ठरतो. खरी मेख इथेच आहे. पाकिटावर ‘5-6 महिने’ लिहिलेले असते, तो हिशेब बहुधा 21 अंश सेल्सिअसचा असतो. माती 32 अंशांच्या आसपास राहिली, तर तोच साठा तीन-चार महिन्यांत संपू शकतो. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काळ्या कुंडीत त्याहूनही लवकर. खत भराभर सुटले की मातीत क्षार वाढतात, पानांची टोके करपतात. झाड उपाशी आहे असे समजून आणखी खत घातले, तर मुळेच जळतात. पैसा जातो आणि जपलेले झाडही जाते.

तेव्हा भर उन्हाळ्यात हे खत टाळावे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की घालावे. साधे खत पावसात लवकर धुऊन जाते, हे टिकते. पाकिटावर लिटरला 3 ग्रॅम लिहिले असेल, तर 10 लिटर मातीच्या कुंडीला 30 ग्रॅम होतात. आपण निम्म्याने, म्हणजे 15 ग्रॅमने सुरुवात करावी. दाणे न फोडता वरच्या मातीत मिसळावेत. कोथिंबिरीसारख्या महिना-दीड महिन्याच्या पिकाला ते घालू नये.

तीन महिन्यांनी दोन-चार दाणे काढून चिमटीत दाबून पाहावेत. आत पांढरा घट्ट भाग दिसला तर खत शिल्लक आहे. नुसते पाणी निघाले तर साठा संपत आला. दाणा गोल दिसतो म्हणून तो भरलेला असेलच असे नाही, कारण रिकामे कवच मातीत बराच काळ राहते.

हे खत स्वयंपाकघरातल्या बरणीत कधीही भरू नये. लहान मुलांना ते खाऊ वाटू शकते. मूळ पाकिटातच, उंच आणि कोरड्या जागी ठेवावे. मोजायचा चमचा वेगळा असावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

आणि एक गोष्ट. माती भुसभुशीत ठेवण्याचे काम या दाण्यांचे नव्हे. त्यासाठी वर्षातून एकदा शेणखत किंवा गांडूळखत घालावेच लागते.