टॉवर दूर, फोन कानाशी

खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाटाकडे निघालं, की सह्याद्री आडवा येतो आणि फोनवरच्या रेंजच्या काड्या गळू लागतात. अशा डोंगराळ वाड्यांतली माणसं मग सड्यावर जाऊन, एखाद्या काडीवर मुंबईच्या लेकाशी बोलतात. मोबाइलच्या किरणोत्साराची भीती मात्र बहुतेकदा टॉवरच्या नावाने असते.

टॉवर दूर किंवा डोंगराआड असला, की त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो. टॉवरच्या लहरी अंतर दुप्पट झालं की साधारण चौथाईवर येतात. कानाशी धरलेल्या फोनला असं अंतरच नसतं. म्हणजे रेंज कमी तिथे डोक्यात शिरणाऱ्या लहरी मुख्यतः स्वतःच्याच फोनच्या असतात. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंतले इलेक्ट्रॉन उखडून काढत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचं किंचित तापणं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. याच संघटनेने करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले. मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध त्यात दिसला नाही.

तरीही मर्यादा हवीच, आणि कागदावर आपली मर्यादा कडक आहे. 1 सप्टेंबर 2012 पासून फोनसाठी एसएआर, म्हणजे शरीरात ऊर्जा शोषली जाण्याचा दर, ऊतीच्या कोणत्याही एका ग्रॅमवर सरासरी काढून दर किलोला 1.6 वॅटपर्यंतच चालते. फोनवर *#07# दाबलं की हा आकडा दिसायला हवा. त्याच दिवसापासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली गेली: 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 4.5 ऐवजी 0.45 वॅट.

मला खटकते ती तपासणी. आपली व्यवस्था बरीचशी कंपन्यांच्या स्वतःच्या घोषणापत्रांवर उभी आहे. दूरसंचार विभागाची पथकं काही टॉवरांची पडताळणी करतात. फ्रान्सच्या नियामकाने बाजारात विकले जाणारे 141 फोन स्वतः तपासले. त्यात आयफोन 12 चा हातापायांसाठीचा आकडा 4 च्या मर्यादेऐवजी 5.74 निघाला. सप्टेंबर 2023 मध्ये तिथे त्याची विक्री थांबली आणि ॲपलला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. दुकानातला फोन उचलून तपासण्याची आणि निकाल जाहीर करण्याची ही सवय आपल्या यंत्रणेलाही लागायला हवी.

टॉवरबाबत निदान एक दार उघडलं गेलं आहे. मे 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर 4000 रुपये भरून कोणत्याही जागेची मोजणी मागता येईल, अशी सोय ठेवली गेली. वाडीतल्या एका घराला ही रक्कम जड जाते, ग्रामपंचायतीला नाही. टॉवरला हरकत घेण्याआधी किंवा ना-हरकत दाखला देण्याआधी खेडच्या ग्रामसभांनी ही मोजणी मागावी आणि तिचा आकडा, मर्यादेच्या आकड्यासह, पंचायतीच्या फलकावर लावावा. जिथे रेंजच नाही, त्या वाड्यांनी तर टॉवर जवळ मागावा; तोवर स्पीकर किंवा वायरचा हेडफोन लावून बोलावं.