मृगाच्या तेजोमेघाचें छायाचित्र

पौष-माघांतील रात्रीं नागपुरांत मृगनक्षत्र चांगलें उंच चढतें. त्याच्या पोटांतील तीन ताऱ्यांचा बाण घरांतील मुलेंही ओळखतात. त्या बाणाच्या दक्षिणेस मंद ताऱ्यांची आणखी एक लहान ओळ आहे. तिच्यांतील मधला ठिपका धुरकट कां, हें मात्र फार थोडे विचारतात. तो सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर असलेला तेजोमेघ होय. तेथें वायु व धूळ एकत्र येऊन अद्यापि तारे जन्मतात. त्यांतील तारकागुच्छाचें वय १० लक्ष वर्षांच्या आसपास. आपला सूर्य ४६० कोटि वर्षांचा! या तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनीं सभोंवारचा हायड्रोजन तांबडा उजळतो. जणूं लेंकरेंच जन्मघरांत दिवा लावितात.

डोळ्यास हा रंग दिसत नाहीं. डोळा प्रकाश सांठवीत नाहीं. छायाचित्राची काच सांठविते. अमेरिकेंत हेन्री ड्रेपर यांनीं ३० सप्टेंबर १८८० रोजीं ५१ मिनिटें काच उघडी ठेवून या मेघाचें पहिलें छायाचित्र घेतलें. पुण्यास प्रा. कावसजी नायगमवाला यांनीं १८९१ च्या सुमारास याच मेघाच्या वर्णपटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची वेधशाळा १९१२ सालीं बंद होऊन तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आज वेधशाळेवांचूनही हें छायाचित्र घेतां येतें. पृथ्वी फिरते, म्हणून कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकणाऱ्या बैठकीवर बसवावा. मिनिटा-दोन मिनिटांचीं पुष्कळ चित्रें घेऊन तीं संगणकावर एकत्र करावीं. मध्यावरील चार तारे मेघाच्या प्रखर उजेडांत बुडतात. त्यांच्याकरितां कांहीं सेकंदांचीं चित्रें निराळीं घ्यावीं.

खरी उणीव यंत्राची नसून अंधाराची आहे. शहरांतील दिव्यांचा उजेडही कॅमेरा तितक्याच इमानानें सांठवितो. म्हणून नागपूरजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ हा मान मिळाला, ही गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. तेथील गांवांत दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं.

हें आपल्या घरींही साधेल. अंगणांतील दिव्याचें तोंड खालीं करावें, निजण्यापूर्वीं गच्चीवरील दिवा मालवावा. आजोबांनीं पाहिलेला मृग नातवंडांसही दिसावा, एवढ्याकरितां घरांतील वडील मंडळींनीं हें मनावर घ्यावें, अशी आमची विनंति आहे.