पिकअपची पायरी : फूटबोर्ड निवडताना आणि बसवताना

मागच्या वेळी आपण लीफ स्प्रिंगवर बोललो. आजचा विषय त्या मानाने किरकोळ वाटेल. पिकअपच्या दाराखाली जी पायरी लावतात ती. कुणी फूटबोर्ड म्हणतं, कुणी साइड स्टेप. दुकानात ती सीट कव्हर आणि फ्लोअर मॅटच्या रांगेत टांगलेली असते, म्हणून लोक ती शोभेच्या मालासारखी निवडतात : चकाकते का, गाडीला रुबाब येतो का. माझं म्हणणं एवढंच आहे की ती शोभेची वस्तू नाही, ती तरफ आहे. आणि तुमच्या घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस त्या तरफेच्या टोकावर एका पायावर उभं राहणार आहे.

जुन्या मोटारींना अशी पायरी असायचीच, घोडागाडीकडून आलेली. 1930च्या दशकात मोटारींचे अंग रुंद होत गेले आणि त्यांनी पायरी पोटात घेतली. 1936च्या कॉर्ड 810ला ती नव्हतीच. पिकअपची गोष्ट वेगळी. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घ्या, शिडीसारख्या चॅसीवर केबिन ठेवलेली, त्यामुळे तळ उंच. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त 19 सेंटिमीटर सांगितली आहे. आता घरी जाऊन टेप लावा. दाराचा उंबरा जमिनीपासून 57 सेंटिमीटर भरला, तर तुम्ही आजीला तीन पायऱ्या एका पावलात चढायला सांगताय!

मग पायरी किती खाली हवी? इथे ओढाताण आहे. जितकी खाली, तितकं चढणं सोपं. पण बांधावरून, नाल्यातून गाडी काढताना पहिली तीच घासते. दोन चाकांच्या मधला भाग उंचवट्यावर टेकतो ना, तिथेच ती लटकलेली असते. खरेदीआधी एक स्वस्त प्रयोग करा. दाराखाली विटा रचा, आईला किंवा वडिलांना चढून-उतरून बघू द्या, आणि जमली ती उंची लिहून ठेवा. मग दुकानात जा.

पायरीचा आकार : गोल पॉलिश केलेली नळी दिसते छान, पण पावसात चप्पल तिच्यावरून सटकते. मी सपाट, खरखरीत, पाणी निथळायला भोकं असलेली पट्टी घ्या म्हणेन. फार अरुंद असेल तर नुसता चवडा टेकतो. फार रुंद असेल तर जे थेट जमिनीवर उतरतात त्यांची पोटरी आणि पँट दोन्ही रोज चिखलात.

धातूचं थोडक्यात सांगतो. पावडर कोटिंग केलेलं साधं पोलाद मजबूत आणि स्वस्त, पण कोटिंगला खडा लागला की तिथून गंज सुरू. देशावर निभावतं, रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत नाही. अ‍ॅल्युमिनियम हलकं, त्याला लाल गंज नाही, मात्र ते पोलादी ब्रॅकेटला जिथे भिडतं तिथे खारट ओल राहिली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये प्लास्टिकचा किंवा रबराचा वॉशर हवाच.

आता तरफेकडे येऊ. 80 किलोचा माणूस पायरीवर उभा आहे, ब्रॅकेटच्या बोल्टांपासून 20 सेंटिमीटर बाहेर. ब्रॅकेटचे वरचा आणि खालचा बोल्ट 8 सेंटिमीटर अंतरावर आहेत. 80 गुणिले 20, भागिले 8. वरच्या बोल्टवर ओढ येते 200 किलोची! माणूस टोकाच्या ब्रॅकेटजवळ उभा असेल तर जवळपास सगळी एकाच ब्रॅकेटवर. आणि एकदम पाय टाकला तर ती दुपटीच्या घरात जाते. बोल्ट मात्र तुटत नाही. 8.8 ग्रेडचा एम 8 बोल्ट दोन टनांच्या आसपास ओढ सोसतो. फाटतो तो पत्रा. म्हणून पहिला प्रश्न पायरी कशी आहे हा नाही, ती कशाला धरून आहे हा आहे.

कंपनीने चॅसीला किंवा उंबऱ्याच्या खाली ठरावीक जागी मजबूत केलेली भोकं दिलेली असतात, बहुधा रबरी बूच लावलेली. तीच वापरायची. फिटर म्हणाला "साहेब, इथे एक होल मारतो, पाच मिनिटांचं काम," तर नको म्हणा. चॅसीच्या आतून-बाजूने ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी, वायरिंग जातं. उंबऱ्याचा पत्रा पातळ, त्यात नवं भोक म्हणजे पाण्याला नवं दार. वेल्डिंगही नको. आणि एक टोक चॅसीला, दुसरं केबिनला असं तर अजिबात नको : केबिन रबरावर बसलेली असते, ती चॅसीपेक्षा वेगळी हलते. आधी खडखड, मग तडा.

बसवायचा क्रम. गाडी सपाट जागी, आटे तारेच्या ब्रशने साफ. सगळे ब्रॅकेट आधी हाताने, सैल. मग पायरी ठेवा, दार पूर्ण उघडून बघा, जॅक लावायची जागा झाकली जात नाही ना ते बघा, आणि मगच चॅसीकडून बाहेर असं आवळत या. आवळण्याचा आकडा किटच्या कागदावर असतो, टॉर्क रेंच मागा. अमेरिकन किट असेल तर कागदावरची "ड्रायव्हर साइड" म्हणजे डावी बाजू. आपला ड्रायव्हर उजवीकडे! थायलंडच्या किटला ही भानगड नाही, तिथेही उजवंच स्टिअरिंग. साधारण 500 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पावसाळ्यात पायरी आणि उंबऱ्याच्या फटीतला चिखल पाइपने धुवा, नाहीतर उंबऱ्याची पाणी निथळायची भोकं बुजतात आणि तो आतून सडतो. आणि जॅक? पायरीखाली कधीच नाही.

आता प्रश्न.

एका ताईंनी विचारलंय, शेतावरून गावात येताना दोन-तीन मजूर पायरीवर उभे राहतात, मजबूत बसवली तर चालेल का? नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 123 याच गोष्टीसाठी आहे, गाडीच्या पायरीवर कुणालाही नेण्यास बंदी. बोल्ट टिकेल हो, पण हाताची पकड खड्ड्यात सुटते, आणि खाली मागचं चाक असतं. लोकांसाठी वेगळी फेरी मारा.

दुसरा प्रश्न, फक्त आईसाठी एकाच बाजूला लावली तर? लावा की. पण त्याआधी दाराजवळच्या खांबाला आतून हँडल आहे का बघा. पाय वर उचलताना म्हातारं माणूस आधी हात शोधतं, आणि काही सापडलं नाही की उघडं दार धरतं, जे हलतं. हँडल नसेल तर कंपनीचंच मागवा. त्या खांबात स्क्रू मारू नका, पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती तिथूनच वर जाते.