चाकांवरून बर्फावर

मे-जूनमध्ये चंदीगडचा पारा चाळिशी ओलांडतो. आइस हॉकीचं वेड लागलेल्या इथल्या पोरांना आधी चाकांवरच भागवावं लागतं. सेक्टर १० मधल्या स्केटिंग रिंकसारख्या ठिकाणी पायात एका रांगेत चार चाकांचे इनलाइन स्केट्स आणि हातात स्टिक घेऊन ती धावतात. पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती, असतो हलक्या प्लॅस्टिकचा. गोलकीपर धरून प्रत्येक संघाचे पाच खेळाडू, आणि अंगावर जाऊन धडक देणं नियमाबाहेर.

या खेळाची गोडी वेगात आहे. चार-पाच ढांगांत अंग हवेत तरंगल्यासारखं होतं, मान वर ठेवून नजर गोलकडे लागते आणि पक नुसत्या मनगटांच्या अंदाजावर पुढे सरकत राहतो. ज्याने हे एकदा अनुभवलं, त्याला मैदानात पळणं सपक वाटू लागतं.

खरा बर्फ सर्वांत जवळ कुठे, तर शिमल्यात. तिथली रिंक १९२० सालची. पाणी फवारायचं आणि निरभ्र आभाळाखाली रात्रभर गोठू द्यायचं. रात्री ढग आले की सकाळचा सराव बुडाला. डेहराडूनला कृत्रिम बर्फाची रिंक आहे. खेळाचं माहेर मात्र लडाख. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या महिलांच्या आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवलं, त्या संघातल्या बहुतेक मुली तिकडच्याच.

चाकांवर तयार झालेलं पोर बर्फावर उतरलं की पहिली अडचण येते थांबण्याची. चाक जमीन धरून ठेवतं. बर्फावरचं पातं जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, त्याच्या मधोमध खाच आणि दोन्ही बाजूंना धार. दोन्ही पाती एकदम आडवी फिरवून बर्फ खरवडला, तरच खेळाडू थांबतो. जरा वजन चुकलं की सरळ रिंकच्या कडेच्या फळीवर. तिथे घाबरून मान खाली घालणं सर्वांत घातक. मान वाकली की तिच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक सरळ होतो, आणि डोक्यावर बसलेला धक्का थेट मणक्यांत उतरतो. म्हणून हनुवटी वर ठेवून हात, खांदा किंवा खुबा पुढे करायचा, हे पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं. पडल्यावर मुठी मिटायच्या, कारण मागून दुसऱ्याचं पातं येत असतं.

हे भय कल्पनेतलं नाही. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सामन्यात ॲडम जॉन्सन या २९ वर्षांच्या अमेरिकी खेळाडूच्या मानेला प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो दगावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचा पट्टा सक्तीचा केला. बर्फावरचा पक कडक रबराचा, सुमारे १५६ ते १७० ग्रॅमचा. व्यावसायिक खेळाडूने मारला तर ताशी दीडशे किलोमीटरच्याही पुढे जातो. १८ वर्षांखालच्यांना चेहरा पूर्ण झाकणारी जाळी लागते, ती याचसाठी.

पण खरी काळजी न दिसणाऱ्या दुखापतीची. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदूला बसणारा हिसका ते पूर्ण थोपवू शकत नाही. सिडनी क्रॉस्बीला २०११ च्या जानेवारीत पाच दिवसांत डोक्यावर दोन तडाखे बसले. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असलेला हा माणूस नोव्हेंबरपर्यंत सामन्यात उतरला नाही. परतला त्या रात्री दोन गोल केले, आणि काही आठवड्यांतच लक्षणं पुन्हा उलटली.

अशा हिसक्यानंतरची भोवळ, मळमळ, डोकेदुखी पोरं लपवतात. संघातली जागा जाईल म्हणून, किंवा पुढच्या वेळी आई पाठवणार नाही म्हणून. वैद्यकीय नियम मात्र स्पष्ट आहे: शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद. एक-दोन दिवस विश्रांती, मग हलका व्यायाम, मग एकट्याने स्केटिंग, मग धडकेविना सराव, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच पूर्ण खेळ. लक्षणं वाढली की एक पायरी मागे. लहान वयात बरं व्हायला अधिक वेळ लागतो. म्हणूनच प्रत्येक रिंकवर, सामना अंतिम फेरीचा असला तरी, पोराला बाहेर बसवण्याचा अधिकार असलेलं एक माणूस हवं. त्याचा निर्णय प्रशिक्षकालाही फिरवता येता कामा नये.