एसीचा वारा जोरात ठेवावा की हळू?

उसाचे बिल जमा झाले की हल्ली पुष्कळ घरांत एसी येतो. बसविणारा कारागीर निघून जातो आणि मग वारा जोरात ठेवायचा की हळू, यावरून घरात वाद सुरू होतो.

याचे उत्तर बारमाही एकच नाही. गडचिरोली जिल्ह्यातले आलापल्ली घ्या. सागाच्या जंगलातले गाव. मे महिन्यात अंग भाजणारी कोरडी हवा, तर जुलैत त्याच गावी कपडे वाळता वाळत नाहीत. यंत्र तेच, पण काम निराळे घ्यावयाचे.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी खोलीतली हवा गार नळ्यांवरून फिरली पाहिजे. दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. वारा हळू केला की तोंडाशी हवा जास्त गार लागते आणि आपण खूश होतो. पण हवाच थोडी, तेव्हा एकूण उष्णता कमी उचलली जाते. म्हणून मे महिन्यात वारा जोरातच हवा.

पावसाळ्यात उलटे. वारा हळू असला की नळ्या अधिक गार पडतात, हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊन ते नळीवाटे गळते आणि चिकचिक कमी होते. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी योजना आखली, तीही मुळात हवेतल्या दमटपणाने कागद बिघडू नये म्हणूनच! कूलरला मात्र हे जमत नाही. आपल्या स्प्रे-पाँडचे पाणी जसे थोडे वाफ होऊन बाकीचे निवते, तसाच कूलर चालतो; जुलैत तो नुसते घर ओले करतो.

आता खर्चाची गोष्ट. जाळीवर धूळ बसली की वारा आपोआप मंदावतो. नळ्यांवर बर्फ धरतो, बर्फाने वारा आणखी अडतो, आणि शेवटी द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो. गॅस कमी असला तरी बर्फ धरतोच, हे खरे. पण गॅस भरण्यास पैसे मोजावे लागतात, जाळी धुण्यास नाही. आधी तेवढे करून बघा.

बाहेरच्या पेटीभोवती कडबा, पोती रचू नयेत. तिने फेकलेली गरम हवा फिरून तिच्यातच शिरते. उन्हाळ्यात जाळी दर पंधरवड्यास काढावी, साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच बसवावी.