'सी' भाषेतलं नेस्टेड स्ट्रक्चर नेमकं काय असतं?

विद्यार्थ्याची नोंद ठेवायची आहे: नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख. दिवस, महिना, वर्ष वेगवेगळं ठेवलं, तर दोन तारखांसाठीच सहा व्हेरिएबल लागतात. त्यात जन्माच्या वर्षाच्या जागी प्रवेशाचं वर्ष पडलं, तरी कंपायलर तक्रार करत नाही. त्याच्या लेखी ते सगळे साधे पूर्णांकच.

एका डब्यात दुसरा डबा

यावर उपाय म्हणजे नेस्टेड स्ट्रक्चर, म्हणजेच स्ट्रक्चरच्या आत स्ट्रक्चर. आधी 'तारीख' हे स्ट्रक्चर लिहायचं. मग 'विद्यार्थी' स्ट्रक्चरमध्ये 'जन्म' आणि 'प्रवेश' हे त्याच प्रकारचे दोन मेंबर घ्यायचे. जन्मवर्ष हवं असेल तर दोन टिंबं: वि.जन्म.वर्ष. हातात विद्यार्थ्याचा पॉइंटर असेल, तर पहिल्या टिंबाच्या जागी बाण येतो, दुसरं टिंब तसंच राहतं. शिवाय तारीख तपासणारं एकच फंक्शन दोन्ही तारखांना चालतं.

प्रत्यक्षात कुठे दिसतं?

लिनक्समध्ये फाइलची माहिती देणारं 'स्टॅट' हे स्ट्रक्चर पाहा. फाइल शेवटची कधी वाचली, मजकूर कधी बदलला आणि परवानग्यांसारखा तपशील कधी बदलला, अशा तीन वेळा त्यात असतात. प्रत्येक वेळ हे 'टाइमस्पेक' नावाचं आतलं स्ट्रक्चर असतं. त्यात सेकंद आणि नॅनोसेकंद.

गफलत कुठे होते?

एका विद्यार्थ्याची नोंद '=' वापरून दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये टाकली, की आतल्या तारखांचीही पूर्ण नक्कल होते. एक बदलली तरी दुसरी शाबूत राहते. पण आत तारखेऐवजी तारखेचा पॉइंटर असेल, तर फक्त पत्त्याची नक्कल होते. दोन्ही नोंदी एकाच तारखेकडे बोट दाखवतात. एकीतून बदल केला की दुसरीतही दिसतो. एकीने ती मेमरी 'फ्री' केली, तर दुसरीच्या हाती निकामी पत्ता उरतो.

मात्र स्ट्रक्चरच्या आत तेच स्ट्रक्चर ठेवता येत नाही. डब्यात तेवढाच डबा, त्यात पुन्हा तेवढाच, असं केलं तर आकार ठरणार कसा? तिथे पॉइंटरच लागतो. लिंक्ड लिस्ट याच युक्तीवर उभी आहे.

थोडक्यात, आतली माहिती त्या नोंदीचीच असेल तर स्ट्रक्चर ठेवा. ती अनेक नोंदींत सामाईक असेल तर पॉइंटर.